चिकित्सेचा तिसरा पाद : परिचर्येविषयीचे संशोधन आणि आपल्यापुढील आव्हाने

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे ते चार पाद होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात प्रत्येक पादाचे चार याप्रमाणे सोळा गुण सांगितले आहेत. त्यांपैकी वैद्याच्या गुणांची चर्चा आपल्या संमेलनांत नेहमी होते. द्रव्याच्या शुद्धाशुद्धतेविषयी चर्चासत्रे भरतात. रुग्णाच्या प्रकृतिपरीक्षणावर शोधनिबंध लिहिले जातात. परिचारकाविषयी मात्र बहुधा आभारप्रदर्शनापलीकडे कोणी बोलत नाही. त्याच अध्यायात वैद्याचे प्राधान्य सांगताना कुंभाराचा दृष्टान्त येतो. कुंभारावाचून माती, दंड आणि चाक निरर्थक, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले. परंतु चाकच डुगडुगत असेल तर निष्णात कुंभाराचाही घट वाकडा होतो, ही त्या दृष्टान्ताची दुसरी बाजू आपण फारशी लक्षात घेतली नाही.

गेल्या दोन-तीन दशकांत परिचर्या हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे. परिचारिकांची संख्या, त्यांचे शिक्षण, हातांची स्वच्छता, रुग्णाचे निरीक्षण अशा वरकरणी साध्या गोष्टींचा रुग्णाच्या जगण्यामरण्याशी किती निकटचा संबंध आहे, हे आता आकड्यांनी मांडता येते. या संशोधनातील आपल्या व्यवसायाशी थेट संबंध असलेला भाग वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राची परिचारकाकडून अपेक्षा

चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, स्वामीविषयी अनुराग आणि शौच. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिला गुण ज्ञानाचा आहे. परिचारक प्रेमळ असावा हे खरेच, परंतु त्याआधी तो जाणकार असावा, अशी ही मांडणी आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारक स्निग्ध, घृणा न करणारा, बलवान, रुग्णरक्षणात तत्पर, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा आणि न थकणारा असावा, असे म्हटले आहे. मलमूत्राने भिजलेले अंथरूण ज्याने बदलले आहे, त्याला यातील ‘घृणा न करणारा’ आणि ‘बलवान’ या दोन विशेषणांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

चरकसंहितेतील उपकल्पनीय अध्याय (सूत्रस्थान, अध्याय १५) तर याहून पुढे जातो. वमन-विरेचनाच्या आधी कशी वास्तू हवी, कोणती सामग्री हवी, हे सांगत असतानाच तेथे कोणती माणसे हवीत हेही येते. अन्न शिजवणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठवणारे व निजवणारे, औषध वाटणारे, अशी ती कामांची यादी आहे. सुश्रुतसंहितेतील व्रणितोपासनीय अध्यायात (सूत्रस्थान, अध्याय १९) व्रणी रुग्णाची खोली, शय्या, नखे, केस, वस्त्रे आणि त्याचे मन रमवणारे सुहृद यांचा विचार आहे. सारांश, परिचर्या हे कोणालाही सहज जमणारे काम आहे, असे आपल्या शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही.

व्यवसाय म्हणून उदय

परिचर्येला आधुनिक व्यवसायाचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) बहुसंख्य सैनिक जखमांमुळे नव्हे तर रोगांमुळे दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मृत्यूंच्या आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून देण्याचा मार्ग खुला केला. परक्या माणसाच्या शरीराला हात लावणे हे कमीपणाचे काम आहे, अशी समजूत रूढ असलेल्या काळात हे घडले, हे विसरून चालणार नाही.

संख्या आणि शिक्षण

२००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे सोपवलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जवळपास तोच आकडा पुन्हा मिळाला. त्याच अभ्यासात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल तेथे मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. हे अभ्यास सहसंबंध दाखवतात, त्यावरून कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध होत नाही. तेथील रुग्णालयांची परिस्थितीही आपल्यासारखी नाही. तरीही निरनिराळ्या देशांत एकाच दिशेचा निष्कर्ष निघावा, ही उपेक्षणीय गोष्ट नव्हे. ‘उपचारज्ञता’ हा पहिला गुण का, याचेच हे एक उत्तर आहे, असे आम्हास वाटते.

शौच

२००० साली जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांनी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले आणि त्याच सुमारास रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र आणलेले नव्हते. हातांना लावण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण रुग्णाच्या खाटेपाशी ठेवले, भिंतींवर फलक लावले आणि हात धुतले जातात की नाही याची नियमित नोंद ठेवून ती कर्मचाऱ्यांना दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले : रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या परिसरातील वस्तूंना हात लावल्यानंतर.

आपल्या पंचकर्म विभागासाठी यात एक विशेष सूचना आहे. तेलाने माखलेल्या हातांवर अल्कोहोलयुक्त द्रावणाचा भरवसा धरता येत नाही. दोन अभ्यंगांच्या मध्ये साबण आणि वाहत्या पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुणे हाच मार्ग आहे. त्यासाठी अभ्यंगकक्षातच नळ आणि बेसिन हवे. ते बाहेरच्या व्हरांड्यात असेल तर गर्दीच्या वेळी हात धुतले जाणार नाहीत. यात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणापेक्षा आपल्या वास्तुरचनेचा दोष अधिक असतो.

शय्याव्रण

पक्षाघात, अस्थिभंग, वार्धक्य यांमुळे अंथरुणास खिळलेले रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. माकडहाड, नितंब, टाचा आणि डोक्याची मागील बाजू येथे सततच्या दाबाने रक्तप्रवाह थांबून व्रण होतात. रुग्ण खाटेवर खाली घसरत राहिला की आतील थर ओढले जातात, ओलाव्याने त्वचा मऊ पडते आणि अपुऱ्या आहाराने व्रण भरत नाही. हा धोका आधीच ओळखण्यासाठी १९८७ साली ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांनी तयार केलेले गुणपत्रक आज जगभर वापरले जाते. त्यात संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, स्वतः कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देतात. एकूण गुण ६ ते २३ असतात. १८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास रुग्ण धोक्यात आहे असे समजावे. हे मोजण्यास पाच मिनिटे पुरतात.

दर दोन तासांनी कूस बदलावी, हा परंपरेने चालत आलेला नियम आहे. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील वृद्धनिवासांत झालेल्या अभ्यासात घट्ट फोमच्या गाद्यांवरील वृद्धांमध्ये दोन, तीन व चार तासांच्या अंतरांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ आपल्याकडील कापसाच्या गादीवरही चार तास थांबावे, असा घेणे धोक्याचे ठरेल. योग्य गादी असेल तर परिचारकाचे कष्ट वाचतात आणि रुग्णाची झोप मोडत नाही, एवढाच त्याचा बोध आहे.

येथे एक मुद्दा आग्रहाने मांडणे आम्हास अवश्य वाटते. दाबाच्या जागी त्वचा लाल दिसू लागली की तेल लावून चोळण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि काही रुग्णालयांतही आहे. शय्याव्रणाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे अशा जागी मर्दन करण्याचा निषेध करतात. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या व ऊती आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या अधिक फाटतात. बोटाने दाबल्यावर लाली नाहीशी झाली नाही तर ती व्रणाची पहिली अवस्था समजावी आणि त्या जागेवरील दाब पूर्णपणे काढावा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून तेथील उष्णता, कठीणपणा आणि वेदना पाहावी. रबरी कडेही वापरू नये, त्याने भोवतालचा रक्तप्रवाह अडतो. धडधाकट त्वचेवर हलक्या हाताने तेल लावणे ही वेगळी गोष्ट आहे. अभ्यंगाचे गुण सांगणाऱ्या वैद्यानेच अभ्यंग कोठे वर्ज्य आहे, हेही परिचारकास सांगितले पाहिजे.

शय्याव्रण टाळता येतात याची साक्ष मुंबईत आहे. के.ई.एम. रुग्णालयातील एक परिचारिका १९७३ सालच्या अमानुष अत्याचारानंतर अंथरुणास खिळली आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात राहिली. ४२ वर्षे तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. औषधाने तिला पूर्ववत करणे शक्य नव्हते, केवळ परिचर्येने तिला जपले.

निरीक्षण

रुग्णाची अवस्था अकस्मात बिघडली, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कित्येकदा त्याची चिन्हे काही तास आधीच दिसू लागलेली असतात, परंतु ती कोणी मोजलेली नसतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली प्रसृत केलेली व २०१७ साली सुधारलेली गुणपद्धती याच कारणाने महत्त्वाची आहे. श्वासगती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडीगती, शरीराचे तापमान आणि शुद्धीची अवस्था यांना गुण द्यावयाचे. बाहेरून प्राणवायू चालू असल्यास अधिक गुण मिळवावयाचे. बेरीज ५ झाली तर वैद्याने तातडीने पाहावे, ७ किंवा अधिक झाली तर आणीबाणी समजावी. यांपैकी श्वासगतीची मोजणी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजण्याचा कंटाळा केला जातो आणि सर्व रुग्णांच्या पत्रकावर एकसारखा आकडा लिहिला जातो. प्रौढाची श्वासगती सामान्यतः मिनिटास १२ ते २० असते. ती २५ वर गेली तर नाडीपरीक्षेची वाट न पाहता वैद्यास बोलवावे, एवढे प्रत्येक परिचारकास ठाऊक हवे.

विरेचनाच्या दिवशी वेग मोजणे आपल्याकडे कटाक्षाने होते. त्याच कागदावर दर तासाला नाडी, रक्तदाब, तृष्णा, मूत्रप्रवृत्ती आणि ग्लानी यांचीही नोंद व्हावी. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. व्यापद प्रथम दिसते ते खाटेजवळ असलेल्या माणसाला, बाह्यरुग्णविभागात बसलेल्या वैद्याला नव्हे. मधुमेही रुग्णाच्या पायांची संवेदना मंदावलेली असते, त्याला स्वेदनात चटका कळत नाही, म्हणून पोटली आधी परिचारकाने स्वतःच्या हातावर पाहावी. स्वेदनानंतर वृद्धास एकदम उभे करू नये, आधी काही मिनिटे बसवावे. तेलकट फरशीवर पाय घसरून झालेल्या एका अस्थिभंगाने महिनाभराच्या वातव्याधिचिकित्सेचे फळ वाया जाते.

औषधालयाचे स्थान

औषधालयचालक हा परिचर्येबाहेरचा घटक आहे, असे आम्ही मानत नाही. घरी औषध देणारी व्यक्ती म्हणजे रुग्णाची सून, मुलगी किंवा पत्नी असते आणि तिला सूचना मिळतात त्या पुष्कळदा औषधालयाच्या फळीवरच. अभयारिष्ट आणि अमृतारिष्ट यांच्या नावात दोन-तीन अक्षरांचा फरक आहे, बाटल्या एका ठेवणीच्या असतात. एक मुख्यतः अर्श व मलावरोधासाठी, दुसरे ज्वरासाठी. चंद्रप्रभा आणि चंद्रकला, गंधक रसायन आणि गंधर्वहरीतकी या जोड्यांचेही तसेच. अशा औषधांच्या बाटल्या फळीवर शेजारी ठेवू नयेत. बाटलीवर मात्रा, औषधकाल आणि अनुपान ठळक मराठीत लिहून द्यावे. ‘२-०-२’ असे आकडे पुरेसे नाहीत. ‘जेवणापूर्वी’ की ‘जेवणानंतर’ हे शब्दांत हवे, कारण औषधकाल बदलला की आपल्या शास्त्राप्रमाणे कार्यही बदलते.

ज्या आयुर्वेदीय औषधांत औषधी नियमांच्या अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्ये असतात, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती घरातील माणसास वाचून दाखवावी. मधुमेही रुग्णास आसवारिष्टातील गूळ-साखरेची कल्पना द्यावी. रुग्ण जी आधुनिक औषधे घेत असेल ती आणि आपली औषधे एकाच कागदावर लिहिलेली असावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांमुळे होणारी इजा कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली. आपल्या औषधालयांनी त्यात सहभागी होण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

आव्हाने

पहिले आव्हान संख्येचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २.९८ कोटी परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती. परदेशांत मागणी असल्याने आपल्याकडील प्रशिक्षित परिचारिका मोठ्या प्रमाणात बाहेर जातात. दहा-पंधरा खाटांच्या आयुर्वेदीय रुग्णालयास त्यामुळे नोंदणीकृत परिचारिका मिळणे कठीण होते आणि सारा भार मावशी व मामा यांच्यावर येतो. त्यांचा अनुराग निःसंशय असतो. उपचारज्ञता त्यांना कोणी दिलेली नसते.

दुसरे आव्हान वेतनाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ साली केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. आपल्यापैकी किती जणांच्या रुग्णालयांत ती पाळली जाते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. तूप आणि तेल उत्तम प्रतीचे हवे म्हणून आपण अधिक मोल देतो. तोच न्याय तिसऱ्या पादास लावण्यास आपण का कचरतो, हा प्रश्न अप्रिय असला तरी टाळण्याजोगा नाही.

तिसरे आव्हान कायद्याचे. परिचर्येच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम २०२३ साली संमत झाला. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. त्यानुसार कर्मचाऱ्यांना नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे, तसेच यकृतदाह ‘ब’ व धनुर्वात यांची लस देणे हे रुग्णालयचालकाचे कर्तव्य आहे. बस्तिकर्म, रक्तमोक्षण व क्षारसूत्र करणाऱ्या केंद्रांत हे विशेष निकडीचे आहे. जळू काढल्यानंतर रक्ताने भिजलेला कापूस उचलणारी व्यक्ती बहुधा तीच मावशी असते.

काय करता येईल

मोठ्या खर्चाशिवाय आजपासून करता येण्याजोग्या काही गोष्टी आम्ही सुचवितो.

१. प्रत्येक आंतररुग्णाच्या खाटेस एकच नोंदपत्रक असावे. त्यावर नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब, आहार, मलमूत्र व दिलेली औषधे वेळेसह लिहावीत.
२. पाळी बदलताना खाटेजवळ उभे राहून रुग्णाची अवस्था, गेल्या काही तासांतील बदल आणि पुढील कर्तव्य तोंडी व लेखी सांगावे. दारातून ‘सगळे ठीक आहे’ म्हणून निघून जाऊ नये.
३. आठवड्यातून एक तास परिचारकांसाठी शिकवणीचा ठेवावा. एका वेळी एकच विषय घ्यावा आणि तो प्रत्यक्ष करून दाखवावा.
४. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास घरी सोडताना त्याच्या नातेवाइकाकडून कूस बदलणे, भरविणे व स्वच्छता आपल्यासमोर करवून घ्यावी. त्या नातेवाइकाच्या झोपेची व कंबरेचीही चौकशी करावी, कारण तो थकला की परिचर्या थांबते.
५. परिचारकाने ‘रुग्ण बरा दिसत नाही’ असे सांगितले तर कारण विचारण्याआधी रुग्ण पाहावा. चुकीच्या सूचनेबद्दल रागावल्यास पुढची खरी सूचना आपल्यापर्यंत येणार नाही.
६. संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एकदा सदस्यांच्या परिचारकांसाठी दोन दिवसांचा वर्ग भरवावा. एकेका लहान रुग्णालयास जे परवडत नाही ते दहांना मिळून परवडते.

यांपैकी पाचवी सूचना अमलात आणणे सर्वांत अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे. पत्रके छापता येतात आणि वर्ग भरवता येतात, परंतु मावशीने रात्री दोन वाजता वैद्यास उठवावे, इतका विश्वास तिला वाटण्यास वर्षे लागतात. तो निर्माण करणे हे वैद्याचेच काम आहे.

वैद्य रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतो, उरलेला सारा दिवस व रात्र परिचारकाची असते. आपण योजलेली चिकित्सा त्या वेळात कशी पार पडते, यावर तिचे यशापयश अवलंबून राहते. येत्या तिमाहीत सदस्यांनी आपल्या रुग्णालयातील परिचारकांची संख्या, शिक्षण व कामाचे तास यांची माहिती आपापल्या जिल्हा शाखेकडे लेखी पाठवावी, अशी विनंती आहे. ती हाती आल्याखेरीज सुधारणेचा आराखडा करता येणार नाही.